पळी की पिस्तूल

वेइयोने आपल्या बायकोला "तुम्ही" म्हटलं, तेव्हा रांगेतले सगळे गालातल्या गालात हसले.

"स्पर्धक, तुमचं नाव?"

"अरे, सकाळी माझ्या हातची कॉफी पिऊन आलास ना? तेवढ्यात विसरलास?"

"स्पर्धक, नाव सांगा."

"राइली. आडनाव तुझंच लाव, इतकी वर्षं मी तेच लावतेय."

वेइयोच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. त्याने कागदावर बायकोचं नाव लिहिलं, वर-खाली पाहून खात्री केली आणि मग तिच्या नावाची चिकटपट्टी लावलेली पिशवी टेबलावर ठेवली. पिशवीत आठ काडतुसं होती. सकाळी स्पर्धा सुरू होताना यौको सगळ्यांच्या कमरपट्ट्यांमधून अशी आठ-आठ काडतुसं काढून घेऊन गेला होता. यौको हा वेइयोचा मदतनीस; एरवी गावातली पोस्टाची गाडी चालवायचा. गडी साधा, पण सीलबंद पिशवीच्या बाबतीत देवालाही सोडायचा नाही.

हाउकिलाम्पी गावाबाहेरच्या जुन्या वाळूच्या खाणीत वसंतातली ही पहिली स्पर्धा. मे उजाडला होता, तरी खाणीच्या सावलीतल्या कोपऱ्यात बर्फाचा मळकट ढीग अजून मुक्काम ठोकून होता आणि तळ्यावरचा बर्फ आज जाईन, उद्या जाईन करत होता. पण ऊन होतं! अख्खा हिवाळा घरात कोंडलेली माणसं त्या उन्हात नुसती उभी राहूनही खूश होती. पुठ्ठ्याच्या आकृत्यांवर धावत-पळत नेम धरायचा हा खेळ. त्यासाठी आजूबाजूच्या चार गावांतून लोक आले होते, आणि त्यातले निम्मे तरी पिर्कोच्या वाटाण्याच्या सुपासाठी आले होते.

पिर्को म्हणजे उपाहाराच्या तंबूची राणी. तिने आज सकाळीच राइलीला एक निळा एप्रन दाखवला होता आणि मुद्दाम तिला दिसेल अशा खिळ्याला टांगून ठेवला होता. "तुझाच आहे. दुपारपर्यंत येशील ना?" असं विचारून ती हसली होती. त्यामागे एक पैज होती आणि ती एव्हाना चारही गावांना ठाऊक झाली होती.

झालं असं होतं. डिसेंबरात राइली लाकडांच्या शेडबाहेर बर्फावरून घसरली आणि उजवं मनगट मोडून बसली. प्लॅस्टर निघालं, हाड जुळलं, पण पिस्तुलाचा धक्का बसला की मनगटातून कळ थेट कोपरापर्यंत जायची. वेइयोने एका संध्याकाळी सॉनाच्या, वाफेच्या न्हाणीघराच्या, पायरीवर बसून निकाल जाहीर केला. "बास झालं तुझं नेमबाजी करणं. पिर्कोला माणूस हवंच आहे. सूप ढवळ, लोकांशी गप्पा मार, मजा आहे."

राइलीच्या अंगाचा तिळपापड झाला. वीस वर्षं ती या खाणीत धावत होती. शाळेतल्या स्वयंपाकघरात दिवसभर पातेली घासून झाली की आठवड्यातून दोनदा इथे यायचं, कानांवर आवाज अडवणाऱ्या टोप्या चढवायच्या आणि पुढची काही मिनिटं कोणाचंही ऐकायचं नाही, हे तिचं सुख होतं. निवृत्त झाल्यावर आता पुन्हा पातेलं? "मी माझ्या हाताला झेपेल अशी गोळी बनवेन," ती म्हणाली.

"हलकीफुलकी खेळणी बनवशील. माझ्या रडारसमोर टिकायची नाहीत."

"टिकली तर?"

"टिकली तर मी स्वतः एप्रन घालून सूप वाढेन."

वेइयोला ही ऐट परवडत होती, कारण रडारचा राजा तोच होता. या खेळात एक नियम आहे. काडतुसात बंदुकीची दारू कमी भरली की पिस्तूल हाताला कमी उसळतं आणि नेम सोपा होतो. तसा लबाडपणा कोणी करू नये म्हणून गोळीचं वजन करायचं, तिचा वेग मोजायचा, दोन्हींचा गुणाकार करून हजाराने भागायचं. तो आकडा एकशे पंचवीसला पोचला तर ठीक. नाही पोचला तर खुशाल दिवसभर धावा, गोळ्या झाडा, पण गुण शून्य. वेग मोजायला क्लबने गेल्या वर्षी रडार आणलं होतं. रस्त्यावर लपून बसलेले पोलीस गाडीचा वेग पकडतात ना, त्याच जातीचं. तिपाईवर ठेवलेला एक चपटा डबा. पिस्तूल त्याच्या शेजारी धरून गोळी झाडली की डबा तिच्या पाठीवर नजर ठेवायचा आणि क्षणात आकडा दाखवायचा. त्याआधी दोन चौकटींमधून गोळी पार करायचं जुनं यंत्र होतं, आणि दरवर्षी कोणी ना कोणी चौकटीलाच गोळी घालायचं. एकदा तर खुद्द वेइयोनेच घातली होती. हा विषय घरात काढायचा नाही, असा अलिखित करार होता.

रडार आल्यापासून वेइयो बदलला. "यंत्र खोटं बोलत नाही" हे त्याचं पालुपद झालं. त्याने गावच्या पाद्रीबुवांना नापास केलं, आपल्या सख्ख्या भावाला नापास केलं. भाऊ नाताळपर्यंत त्याच्याशी बोलला नव्हता. तेव्हा बायकोसाठी तो एका अंशाने झुकेल अशी आशा कोणालाच नव्हती, बायकोला तर मुळीच नाही.

राइलीने युक्ती काढली होती ती अशी: जड गोळी, थोडी दारू. गोळी सावकाश जाते, पण ती कसर वजनाने भरून निघते, आणि हाताला फटका न बसता नुसतं ढकलल्यासारखं वाटतं. तेवढी जड गोळी गावच्या बाजारात मिळेना, म्हणून तिने शेजाऱ्याकडून साचा आणला आणि मासेमारीच्या जाळ्याची जुनी शिशाची वजनं वितळवून स्वतःच गोळ्या ओतल्या. वेइयो बर्फात भोक पाडून मासे धरायला गेला, तेव्हा तिने कपाटातून रडार काढलं, खाणीत येऊन चार गोळ्या झाडून पाहिल्या. आकडा एकशे सव्वीस! मनगटात कळ नाही की काही नाही. ती त्या रिकाम्या खाणीत एकटीच नाचली होती.

आणि आता तोच डबा तिच्यासमोर तिपाईवर बसला होता.

"प्रथम वजन," वेइयो म्हणाला. त्याने एक काडतूस हातोडीसारख्या अवजारात अडकवलं, ओंडक्यावर ठकठक आपटलं. गोळी सुटून बाहेर आली. चिमट्याने उचलून त्याने ती तराजूवर ठेवली. छोटा तराजू, सोनाराकडे असतो तसा, गुंजेहूनही हलक्या मापात तोलणारा.

"एकशे बेचाळीस," यौको वाचून म्हणाला.

"किती?" राइली पुढे वाकली. "एकशे सत्तेचाळीस असायला हवं! घरी मी वजन केलंय."

"यंत्र खोटं..."

"गप रे. पुन्हा ठेव."

वेइयोने नियमाप्रमाणे पुन्हा ठेवली. तराजू हट्टाला पेटला होता. एकशे बेचाळीस.

राइलीने पिस्तूल उचललं. रडारशेजारी उभी राहून तिने तीन गोळ्या झाडल्या. मनगट अगदी शांत होतं, गोळ्याही एका मागोमाग एक छान गेल्या, वेग तर मागच्या वेळेपेक्षा थोडा जास्तच आला. पण एवढीशी वाढ वजनाची तूट कुठून भरून काढणार? यौकोने गुणाकार केला आणि घसा खाकरला. "एकशे तेवीस."

मागून कोणीतरी च्‌च्‌ केलं. तंबूकडून पिर्कोचा आवाज आला, "राइली, कांदा चिरता येतो ना गं तुला?"

"तुझी जीभ चिरायला येते," राइलीने उत्तर दिलं. पण आवाजात नेहमीची धार नव्हती.

"स्पर्धकाला आणखी तीन गोळ्यांची संधी आहे," वेइयो म्हणाला. "सहांतल्या सर्वांत वेगवान तीन धरल्या जातील." त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिला दिसलं असतं की त्याच्याही कपाळावर घाम आहे, त्या थंडीत.

आणखी तीन. तिने श्वास रोखून झाडल्या, जणू श्वास रोखल्याने गोळी जोरात जाणार होती. यौकोने आकडा लिहिला आणि कागद तिच्यासमोर सरकवला. एकशे तेवीस आणि वर चिमूटभर.

आता उरलं एकच काडतूस. नियमातली ही शेवटची गंमत सगळ्यांना पाठ होती: आठवी गोळी काय करायची ते स्पर्धकाने ठरवायचं. झाडायची असेल तर झाडा, ती सणसणीत निघाली तर आकडा वर जाईल. नाहीतर तिचं वजन करा. जास्त भरलं तर सगळा हिशेब त्या वजनाने नव्याने होतो.

"झाड, राइली!" रांगेतून आवाज आला. "जोरात फुंकर मार आणि झाड!"

"झाड गं! वजन काय करतेस, साचा तोच, गोळी तीच!"

खरंच होतं ते. आजवर या खाणीत वजन कोणी मागितलेलं कोणाला आठवत नव्हतं. कारखान्याच्या गोळ्या सगळ्या जुळ्या बहिणी. सगळे झाडायचे आणि सगळे नापास व्हायचे.

राइलीने काडतूस हातात घेतलं. एक शेवटची गोळी, मग एप्रन, मग कांदे. इतकी वर्षं आपण इथे पळालो, पडलो, हसलो, ते सगळं या पितळेच्या बोटभर नळीत येऊन अडकलंय, असं तिला वाटलं आणि तिचे डोळे भरून आले. तिने ते उन्हाचं निमित्त करून पुसले. पुसताना काडतूस डोळ्यांजवळ आलं.

गोळीचं टोक राखाडी होतं.

तिने टेबलाकडे पाहिलं. तराजूशेजारी पडलेली पहिली गोळी चमकत होती, नव्या चमच्यासारखी. हिच्यात मात्र चमक नावालाही नव्हती.

आणि मग तिला सगळं एकदम आठवलं. जाळ्याची वजनं मध्येच संपली होती. साचा गरम होता, चूल पेटलेली होती, अशा वेळी थांबवतंय कोण? खिडकीतली बरणी दिसली. त्या बरणीत घरातली मागच्या काही वर्षांची भाकितं साठलेली होती. एकतीस डिसेंबरच्या रात्री कथलाचा छोटा नाल पळीत वितळवायचा, थंड पाण्याच्या बादलीत ओतायचा, आणि जो वेडावाकडा गोळा बनेल त्याची सावली मेणबत्तीने भिंतीवर पाडून नवं वर्ष कसं जाईल ते सांगायचं. हे त्या गावात आजही घरोघर चालतं. राइलीने ती सगळी भाकितं पातेल्यात ओतली होती. धातू तो धातू, असा विचार करून. त्या पातेल्यातून निघालेल्या गोळ्या अशा काही चकाकल्या की ती स्वतःवरच खूश झाली. चांदीच्या म्हणून मिरवायला तिने स्पर्धेसाठी त्याच वर काढून ठेवल्या; एखादी राखाडी चुकून त्यांत मिसळली असणार. वजन? वजन तर पहिल्या पातेल्यातल्या राखाडी गोळीचं केलं होतं, रडारसमोरही तीच झाडली होती.

आणि वेइयो दर नववर्षाला कुरकुरायचा ते? "हल्लीच्या नालांत शिसं घालायला बंदी. नुसतं कथील. हातात घेतलं तर वजनच नाही, पूर्वीचे नाल कसे हाताला लागायचे!" वीस वेळा ऐकलं होतं तिने, आणि वीसही वेळा मान डोलावली होती. नवऱ्याचं बोलणं कधीतरी ऐकायला हवं होतं, हे तिला प्रथमच कबूल करावंसं वाटलं. मनातल्या मनात, अर्थात.

"स्पर्धक, निर्णय?" वेइयोचा आवाज कोरडा होता.

"वजन करा."

"वेडी झालीस का?" कोणीतरी पुटपुटलं.

वेइयोने मान वर केली. सकाळपासून प्रथमच त्याने तिच्याकडे सरळ पाहिलं. "राइली, नीट विचार कर," तो हळूच म्हणाला, आणि नियमांचा राजा असूनही "तुम्ही" म्हणायला विसरला. "झाडायची संधी परत मिळणार नाही."

"वजन कर म्हटलं ना."

त्याने काडतूस अवजारात अडकवलं. ओंडक्यावर एकदा आपटलं, सुटेना. दुसऱ्यांदा आपटलं. तिसऱ्यांदा गोळी टुणकन बाहेर पडली आणि टेबलावरून घरंगळत निघाली, ती यौकोने दोन्ही हातांनी झडप घालून धरली. वेइयोने ती चिमट्यात पकडून उजेडात फिरवली. राखाडी. मग तराजूजवळची चकचकीत पाहिली. मग बायकोकडे पाहिलं. त्याच्या डोक्यात काय चाललंय ते तिला लख्ख दिसत होतं, कारण त्या डोक्याशी तिची ओळख जुनी होती.

"खिडकीतली बरणी?" त्याने विचारलं.

"रिकामी आहे."

"ही पहिल्या पातेल्यातली?"

"हो."

वेइयोने बराच वेळ नियमांची वही चाळायचं नाटक केलं, पण त्याला ती तोंडपाठ होती. "पातेल्यांबद्दल नियमात काही लिहिलेलं नाही," तो शेवटी म्हणाला आणि गोळी तराजूवर ठेवली.

तराजूचा आकडा थोडा थरथरला आणि थांबला.

"एकशे सत्तेचाळीस!" यौको ओरडला. त्याला शांतपणे वाचायचं असतं, पण तो ओरडलाच. घाईघाईने गुणाकार करताना त्याची पेन्सिल मोडली, दुसरी कोणीतरी पुढे केली. "एकशे सत्तावीस! पास! पास झाली!"

खाणीत जो कल्ला झाला तो तळ्याच्या पलीकडच्या गावापर्यंत गेला असणार. पाद्रीबुवांनी टोपी हवेत उडवली. वेइयोच्या भावाने राइलीला उचलून एक गिरकी घेतली. आपल्या पराभवाचा असा बदला कोणीतरी घेईल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. राइली हसत होती, रडत होती, आणि दोन्हींमध्ये पिर्कोला जीभ काढून दाखवत होती.

वेइयोने मात्र कागद सरळ केला, आकडा लिहिला, खाली सही केली. मग उभा राहून खणखणीत आवाजात म्हणाला, "स्पर्धक राइली, तुमच्या गोळ्या मान्य आहेत. यंत्र खोटं बोलत नाही." आणि त्या कोरड्या चेहऱ्यावर हळूहळू असं हसू पसरलं की रांगेतल्या तरुण पोरांना वाटलं, या माणसाला हसताना आपण प्रथमच पाहतोय.

मग राइली जी धावली, ती बघत राहावी. पायात विशीचं वारं शिरलं होतं. चकचकीत भाकितं एकामागून एक पुठ्ठ्यांत घुसत होती आणि मनगट काही दुखेना. पहिली आली नाही. पहिली शेजारच्या गावची पोरगी आली. पण आपल्या वयाच्या सगळ्या बायकांना आणि चार-दोन गुरगुरणाऱ्या पुरुषांना तिने मागे टाकलं, आणि शेवटच्या फेरीनंतर ती वाळूवर बसकण मारून नुसतीच आकाशाकडे बघत हसत राहिली.

भूक लागल्यावर ती तंबूकडे गेली. सुपाच्या पातेल्यामागे वेइयो उभा होता. निळा एप्रन त्याच्या पोटावर पुरत नव्हता, मागची गाठ पिर्कोने दोरीने वाढवली होती. हातात मोठी पळी. समोर लोकांची रांग होती आणि त्यातला प्रत्येक जण त्याच्याकडून पळी नीट भरून घेत होता, पाद्रीबुवा तर म्हणाले, "वजन करून वाढ हो, वेइयो."

राइलीने वाडगा पुढे केला. वेइयोने सूप वाढलं, काठोकाठ. मग पळी पातेल्यात तशीच धरून खाली बघत म्हणाला, "त्या दिवशी तू शेडबाहेर पडली होतीस ना, मला लांबून वाटलं, तू हलतच नाहीयेस. मी घाबरलो होतो गं. म्हणून म्हणालो, घरात बस, सूप ढवळ."

"मला ठाऊक आहे," राइली म्हणाली. तिला खरंच ठाऊक होतं, फक्त त्याच्या तोंडून ऐकायचं राहिलं होतं. तिने पातेल्यावरून हात नेऊन त्याच्या गालावर उडालेला वाटाणा पुसला. मागे रांगेने शिट्ट्या वाजवल्या.

मग तिचं लक्ष त्याच्या हातातल्या पळीकडे गेलं आणि ती थबकली. नववर्षाच्या रात्री तिचा हात प्लॅस्टरमध्ये होता, म्हणून तिच्या वाटचं कथील वेइयोनेच बादलीत ओतलं होतं. बाहेर आला तो लांब दांड्याचा, पुढे गोल गोळा. भिंतीवर सावली पडली आणि वेइयो टाळी वाजवून म्हणाला होता, "पळी! यंदा कोणीतरी सूप ढवळणार!" तिने ठणकावलं होतं की हे पिस्तूल आहे, नीट बघ, आणि दोघं पहाटेपर्यंत भांडले होते.

"वेइयो," ती म्हणाली, "त्या रात्री तुझंच खरं होतं. ती पळीच होती."

"बघ! मी सांगत होतो."

"हो. पण पाण्यात कोणी ओतलं होतं? जो ओततो, वर्ष त्याचं."

वेइयोने पळीकडे पाहिलं, एप्रनकडे पाहिलं, आणि एवढ्या मोठ्याने हसला की पिर्कोने धावत येऊन पातेलं धरलं. "पुढचा!" तो ओरडला आणि पळी बुडवली.